दोन काशीबाई आणि काळं पाणी

मागच्या अंकात सावित्रीबाईंविषयीच्या एका प्रश्नाला उत्तर देताना मी ओघात एक वाक्य लिहून गेले होते, ‘पोटचं मूल मारल्याबद्दल काशीबाईला काळ्या पाण्याची शिक्षा झाली.’ त्या एका वाक्यावर जेवढी पत्रं आली, तेवढी सातबाऱ्यावरच्या नावांबद्दलही कधी येत नाहीत. म्हणून या वेळी बक्षीसपत्रं, वारस-नोंदी आणि भाडेकरूंची भांडणं बाजूला ठेवते. ज्यांचे ते प्रश्न राहिले त्यांनी महिनाभर कळ काढावी.

प्रश्न : मॅडम, मी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करते. माझ्या नोट्समध्ये असं आहे की काशीबाई नावाच्या विधवेला अंदमानला पाठवलं आणि तिचा मुलगा यशवंत याला फुले दांपत्यानं दत्तक घेतलं. तुम्ही तर लिहिलंत की तिचं मूल मेलं. नक्की खरं काय? आणि ज्याच्यामुळे हे सगळं झालं त्या माणसाला काय शिक्षा झाली?
— एक विद्यार्थिनी, सातारा जिल्हा

उत्तर : बाळा, तुझ्या नोट्स लिहिणाऱ्यानं दोन बायकांची एक बाई केली आहे. त्याचा फार दोष नाही, कारण दोघींचं नाव काशीबाई, दोघी ब्राह्मण विधवा आणि दोघींची गाठ फुल्यांशी.

पहिली काशीबाई जोतीरावांचे स्नेही सदाशिव बल्लाळ गोवंडे यांच्या पुण्यातल्या घरी स्वयंपाकाला होती. तिची हकीकत जोतीरावांनी स्वतः लिहून ठेवली आहे. पारशी समाजसुधारक बेहरामजी मलबारींनी बालविवाह आणि सक्तीचं वैधव्य यांवर टिपणं काढली होती, त्यांना उत्तर म्हणून ४ डिसेंबर १८८४ला जोतीरावांनी जे इंग्रजी टिपण दिलं, त्यात ती आहे. एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले. गर्भ पाडण्याचे उपाय करून झाले, ते फसले. मुलगा झाला. अब्रूच्या भीतीनं तिनं त्याला सुरीनं मारलं आणि घरामागच्या विहिरीत टाकलं. दोन दिवसांनी पोलिसांनी तिला संशयावरून पकडलं. पुण्यात खटला चालला आणि तिला जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली.

या प्रकरणानं जोतीराव-सावित्रीबाई हादरले आणि १८६३ साली त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. ब्राह्मणवस्तीच्या कोपऱ्याकोपऱ्यावर छापील कागद लावले, की अडलेल्या विधवांनी इथे येऊन गुपचूप बाळंत व्हावं. १८८४पर्यंत पस्तीस जणी आल्या. त्यांच्या मुलांपैकी पाचच जगली. बाकीची आधी घेतलेल्या औषधांनी पोटात असतानाच इतकी खराब झालेली होती की वाचली नाहीत. हा आकडाही जोतीरावांच्याच लेखणीतला.

दुसरी काशीबाई या गृहात आली. तिचा मुलगा यशवंत. फुल्यांनी त्याला १८७४मध्ये दत्तक घेतलं. तो पुढे डॉक्टर झाला आणि १८९७च्या प्लेगात सावित्रीबाई त्याच्याच दवाखान्यात रोग्यांची सेवा करताना गेल्या.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीचं आहे. जोतीरावांनी लिहिलेल्या हकिकतीत शिक्षा आहे ती एकट्या काशीबाईला. त्या सुमाराला, म्हणजे १ जानेवारी १८६२पासून, भारतीय दंडसंहिता लागू झाली. कलम ३०२खाली खुनाला दोनच शिक्षा, फाशी किंवा जन्मठेप काळं पाणी. कलम ३१२खाली गर्भपात करवून घेणारी बाई स्वतःही गुन्हेगार. कलम ३१८खाली मूल जन्मल्याचं लपवणं हाही गुन्हा. आता या तिन्ही कलमांत बाईकडे पोचणाऱ्या वाटा मोज आणि मूल ज्याचं त्याच्याकडे पोचणारी वाट शोध. मी एकतीस वर्षं फौजदारी वकिली केली. एका मुलीच्या अशाच खटल्यात दाई, शेजारीण, पोलीसपाटील, डॉक्टर असे नऊ साक्षीदार तपासले गेले. बाप कोण, हा प्रश्न एकालाही विचारला गेला नाही. तो मुद्द्याला धरून नाही असं ठरलं. कायद्यानं ते बरोबरच होतं, हे त्यातलं जास्त वाईट.

परीक्षेत मात्र दोन काशीबाई वेगळ्या लिही.

प्रश्न : आम्ही ज्येष्ठ नागरिकांच्या सहलीबरोबर अंदमानला जाऊन आलो. सेल्युलर जेल बघितलं, ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रमही बघितला. त्यात एकाही बाईचा उल्लेख नाही. बायकांना कोणत्या विंगेत ठेवत?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : कोणत्याच नाही. सेल्युलर जेलचं बांधकाम १८९६ला सुरू झालं आणि १९०६ला संपलं. काळ्या पाण्याची वसाहत त्याच्या कितीतरी आधी, मार्च १८५८मध्ये सुरू झाली होती. जे. पी. वॉकर नावाचा डॉक्टर दोनशे कैदी घेऊन उतरला आणि चॅथम बेटावर जंगलतोड सुरू झाली. म्हणजे पहिली जवळजवळ चाळीस वर्षं ‘काळं पाणी’ म्हणजे ती सात फाट्यांची इमारत नव्हतीच. आपल्या डोळ्यांपुढे मात्र तीच येते. त्या सातांतले तीनच आज उभे आहेत.

बायकांचा तुरुंग वेगळा, साउथ पॉइंटला. मी गेले होते तेव्हा गाइडला हेच विचारलं. त्यानं हातानंच दक्षिणेकडे दाखवलं, “उधर, मैडम, समुंदर की तरफ.” आणि लगेच पुढच्या कोठडीकडे वळला. माझ्या मागे पन्नास माणसं उभी होती, त्यालाही घाई होती. संध्याकाळी मी रिक्षा करून तिकडे गेले. समुद्र होता, वारा होता, शहाळी विकणारा एक पोरगा होता. वाचायला पाटी बिटी काही सापडली नाही. दहा मिनिटं उभी राहिले आणि परत आले.

प्रश्न : मी निवृत्त परिचारिका आहे. तुमचं ते वाक्य वाचल्यापासून माझ्या डोक्यातून ती बाई जात नाही. तिथे गेलेल्या बायका जगत कशा? कामं काय असत? माझी वहिनी म्हणते की तिथे त्यांची लग्नं लावून देत. हे खरं का? विधवेचं लग्न, आणि तेही सरकार लावणार?
— एक वाचिका, कोल्हापूर

उत्तर : ताई, तुमच्या वहिनी बरोबर सांगतात. मला या विषयात जर काही एकच सांगायचं असेल तर ते हेच लग्नाचं आहे. पण क्रमानं जाऊ.

आधी प्रवास. अंदमान मद्रासहून काय नि कलकत्त्याहून काय, सुमारे बाराशे किलोमीटर. घाटावरच्या कित्येक बायकांनी समुद्रच पाहिलेला नसणार. त्यात समुद्र ओलांडला की जात गेली, ही समजूत त्या काळी हाडामांसात भिनलेली. ‘काळं पाणी’ या शब्दाचा धाक तिथूनच येतो. सरकारला तो धाक ठाऊक होता आणि हवाही होता. फाशीखालोखाल लोक कशाला भितात, तर याला, असा त्यांचा हिशोब. आता त्या विधवेच्या बाजूनं बघा. तिचं न्हाणं-माखणं, लुगडं, जेवणाची पंगत, सगळं जातीनं आधीच काढून घेतलेलं. उरलेली जातही बोटीत पाय ठेवताच गेली.

उतरल्यावर पोर्ट ब्लेअरचा पावसाळा, दलदल आणि मलेरिया. हे पुरुषांना होतं तसंच बायकांना. काम मात्र वेगळं. पुरुषांना जंगल तोडणं, दलदली बुजवणं, बांधकामं. बायका तुरुंगाच्या भिंतीआड, विणकाम आणि शिवणकामावर. वसाहतीतल्या कैद्यांच्या अंगावरचे कपडे या बायकांच्या हातचे. त्यांच्यावर नजर ठेवायला त्यांच्यातूनच वर चढवलेल्या कैदी बायका असत. नीट वागणारीला बढती, बढती मिळालेलीनं इतरांना हाकायचं. ही पद्धत पुरुषांतही होती. आपल्याकडच्या तुरुंगांत ‘वॉर्डर’ म्हणून शिक्षेतलाच कैदी दिसतो, ते त्याच रोपाचं झाड.

आता नियम. १९०१च्या जनगणनेच्या वेळी पोर्ट ब्लेअरला मुख्य आयुक्त होता रिचर्ड कार्नाक टेम्पल. (आपल्या मुंबईचा गव्हर्नर टेम्पल, त्याचा हा मुलगा. घराण्यातच कारभार.) हा माणूस टिपणं काढण्यात पक्का. त्याच्या काळातले जे नियम छापून आले, त्यांत बायकांचे दोनच भाग केलेले आहेत : तुरुंगातल्या आणि तुरुंगाबाहेरच्या. बाहेर पडायच्या वाटाही दोनच. एक, परवानगीनं कोणाच्या घरी घरकामाला राहणं. दोन, लग्न करून नवऱ्याकडे राहणं. दोन्हींसाठी आधी पाच वर्षं तुरुंगात काढायची. बाई लग्न करून राहिली तर पंधरा वर्षांनी नवऱ्याबरोबर बेट सोडता येईल. लग्न नाही केलं तर वीस वर्षं. शिवाय नवरा-बायकोनं एकमेकांची मुदत संपेपर्यंत थांबायचं आणि निघायचं ते बरोबरच.

आम्ही वकील लोक असं कलम दिसलं की लगेच आकडे घालून बघतो. चोवीस वर्षांची बाई धरा. एकोणतिसाव्या वर्षी लग्नाला पात्र. लग्न केलं तर एकोणचाळिसाव्या वर्षी सुटायची आशा, पण नवऱ्याची मुदत त्या वेळी पुरी झाली असेल तरच. नाही केलं तर चव्वेचाळीस. म्हणजे सरकारनं ‘लग्न कर’ असं कुठेच म्हटलेलं नाही. फक्त नकाराची किंमत पाच वर्षं ठेवली.

आणि नवरा कोण? पुरुष कैद्याला साधारण दहा वर्षं काढल्यावर टिकिट मिळे. टिकिटवाल्याला इंग्रजीत ‘सेल्फ सपोर्टर’ म्हणत, तो खेड्यात राहून जमीन कसणार, गुरं पाळणार, आपलं आपण कमावून खाणार. बेट सोडायचं नाही आणि रिकामं बसायचं नाही, एवढं बंधन. घरून बायकामुलं आणायची किंवा इथे लग्न करायची मुभा त्यालाच. जन्मठेपेवर आलेले बहुतेक खुनाच्या गुन्ह्यातले. तेव्हा आपली चोवीस वर्षांची बाई एकोणतिसाव्या वर्षी ज्याच्यासमोर उभी राहणार, तो दहा वर्षांचा जुना कैदी आणि बहुतेक करून खुनी. तीही कागदोपत्री खुनीच, हे विसरायचं नाही.

निवडीचा प्रकार तर ऐकण्यासारखा. टिकिटवाल्यांना बायकांच्या तुरुंगात आणत, लग्नाला पात्र झालेल्या बायका ओळीनं उभ्या, आणि पसंती. बाईला नकार देता येई. अधिकाऱ्यांची मंजुरी लागे. लोक याला स्वयंवर म्हणत. मला तो शब्द आवडत नाही, पण थट्टेत का होईना, नकाराचा हक्क त्यात कबूल केलेला आहे. आमच्या पिढीच्या ‘बघण्याच्या कार्यक्रमा’त तोही मुलीकडे नसायचा. मला स्वतःला चार ठिकाणी बघून गेले, माझं मत कोणी विचारलं असेल तर शपथ.

सरकारला ही लग्नं का हवी होती? दयेपोटी नाही. बेटावर पुरुष हजारांनी आणि बायका मूठभर. वॉकरनं सुरुवातीलाच कैद्यांच्या बायकामुलांना आणायची कल्पना मांडली होती, पण घरच्या बायका फारशा आल्या नाहीत. कोण येणार? मग शिक्षा झालेल्या बायकांकडूनच वसाहत ‘स्थिर’ करायची ठरली. चूल पेटली की माणूस पळून जात नाही, भांडत नाही, शेत करतो. बाईला शिक्षा दिली खुनाची आणि काम दिलं संसाराचं.

आता तुमचा मूळ प्रश्न, विधवेचं लग्न. कायद्याची अडचण नव्हती. विधवेच्या पुनर्विवाहाला १८५६च्या कायद्यानं मान्यता दिली होती. पुण्यात मात्र तो कायदा कागदावर. काशीबाईसारखीनं दुसरं लग्न केलं असतं तर मूल विहिरीत गेलं नसतं, खटला झाला नसता. जे पुण्यात करता येत नव्हतं म्हणून ती गुन्ह्यापर्यंत गेली, तेच समुद्रापलीकडे तुरुंगाचं दार उघडायची किल्ली होऊन बसलं. आणि तिथे शास्त्री नव्हते, जातपंचायत नव्हती, गोत्र बघणारं कोणी नव्हतं. हे लिहिताना माझा पेन जरा अडखळला. यात बरं वाटून घ्यावं की वाईट, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. खरं सांगायचं तर, एखादी तिथे सुखानं नांदलीही असेल, आणि असेल तर मला आनंद आहे.

या लग्नांतून जी मुलं झाली त्यांना तिथे ‘लोकल बॉर्न’ म्हणतात, आजही. बाप एका प्रांतातला, आई दुसऱ्या, घरात भाषा हिंदुस्थानी. मुलग्यांना शाळा सक्तीची होती, मुलींना ऐच्छिक. मुली लांबवर चालत जाणार आणि वस्ती कैद्यांची, म्हणून आईबाप धास्तावत, असं कारण सरकारनं दिलं आहे.

मी ज्या लॉजवर उतरले होते तिथल्या मालकीणबाई लोकल बॉर्न होत्या, पंचाहत्तरीच्या पुढच्या. रात्री जेवणानंतर गप्पा निघाल्या. मी विचारलं, तुमचे मूळचे लोक कुठले? म्हणाल्या, “मेनलैंड के.” मी म्हटलं, मेनलँड फार मोठं आहे. हसल्या. “परनाना पंजाब के थे. जमीन के झगड़े में आए.” आणि पणजी? त्यांनी टेबलावरचं मीठ उचलून फडताळात ठेवलं, मग म्हणाल्या, “वो भी आई थी.”

प्रश्न : इंग्रजांनी हे फक्त आपल्याच बायकांच्या बाबतीत केलं का? स्वतःच्या बायकांना त्यांनी असं पाठवलं असतं का?
— एक वाचक, अमरावती

उत्तर : पाठवलं, आणि आपल्याकडल्यापेक्षा कितीतरी जास्त संख्येनं. १७८८ ते १८६८ या काळात ब्रिटन आणि आयर्लंडहून ऑस्ट्रेलियाला सुमारे एक लाख बासष्ट हजार कैदी गेले. त्यांत पंचवीस हजारांच्या आसपास बायका. गुन्हे बहुतेक चोरीचे : कापडाचा तागा, चमचे, मालकिणीचा झगा. शिक्षा सात वर्षं, चौदा वर्षं किंवा जन्मठेप. तिथेही बायकांसाठी पॅरामॅटाला आणि होबार्टजवळ कॅस्केड्सला वेगळ्या जागा होत्या. नाव ‘फिमेल फॅक्टरी’. सूत, लोकर, धुणं ही कामं, आणि लग्न झालं की सुटका. म्हणजे पोर्ट ब्लेअरचा कित्ता आधी तिकडे गिरवून झाला होता.

एक फरक सांगते. मेरी रीबी नावाची मुलगी मुलाचा वेष घालून घोडा चोरताना सापडली. १७९२ला सिडनीला उतरली तेव्हा पंधराची होती. तिथे लग्न झालं, नवरा वारल्यावर सात मुलं सांभाळून तिनं जहाजांचा आणि मालाचा धंदा चालवला. आज ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवर तिचं चित्र आहे. आपल्या नोटेवर कोणाला घालावं असं मी सुचवत नाही, पत्रं लिहू नका.

प्रश्न : जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं ना? मग काळं पाणी वीस वर्षांचं कसं?
— एक वाचक, परभणी

उत्तर : नाही हो. दर सहा महिन्यांनी मी हे लिहिते. जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. चौदा वर्षं ही किमान अट आहे. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते त्यात जन्मठेप झाली असेल, तर सरकारला त्याआधी माफी देऊन सोडता येत नाही. ‘जन्मठेप काळं पाणी’ हे शब्द कायद्यातून १९५५च्या दुरुस्तीनं गेले. १ जानेवारी १९५६पासून त्यांच्या जागी ‘आजीव कारावास’ आला. सरकार शिक्षा कमीही करू शकतं, तेव्हाही करत असे. पोर्ट ब्लेअरच्या नियमांतली वीस वर्षं त्यातलीच. सुरत जिल्ह्यातल्या विजयालक्ष्मी या चोवीस वर्षांच्या विधवेचं घ्या. गुन्हा काशीबाईचाच. १८८१ला सेशन्स कोर्टानं फाशी दिली, मुंबई हायकोर्टानं ती जन्मठेप काळ्या पाण्यावर आणली, आणि शेवटी ती पाच वर्षांवर आली. त्या निकालानंतर वर्तमानपत्रांत बायकांच्या नीतीवर जी तोंडं सुटली, त्यांना उत्तर म्हणून बुलढाण्याच्या ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिली, १८८२ला. पुरुषाचं काय, हा तुम्हा-आम्हाला आज सुचणारा प्रश्न त्या बाईनं तेव्हाच तोंडावर विचारला होता.

प्रश्न : हे पत्र मी तीनदा लिहून फाडलं. माझी आजी तिच्या एका आत्याबद्दल ‘ती काळ्या पाण्यावर गेली’ असं म्हणायची. पुढे विचारलं की गप्प. आम्ही लहानपणी समजायचो, ती समुद्रात बुडाली. तुमचा लेख वाचून वाटलं, ती शब्दशः गेली असेल. आजी गेली, आता सांगणारं कोणी नाही. घरात आत्याचं नावही कुणाला माहीत नाही. शोध घेता येईल का? घेऊ नये असं माझ्या भावाचं म्हणणं आहे.
— नाव-गाव छापू नये

उत्तर : भाऊ काय म्हणतो ते बाजूला ठेवा. बेअब्रू व्हायची ती शंभर वर्षांपूर्वी होऊन गेली, आणि ती त्या एकटीनं सोसली. तुम्ही शोधा.

आधी घरातून काढता येईल तेवढं काढा. आजीचं जन्मसाल कळलं तर आत्याचा काळ वीस-पंचवीस वर्षांच्या आत बसवता येतो. आजीचं माहेरचं गाव, तालुका आणि त्या वेळचा जिल्हा नक्की करा. त्या वेळचा म्हणतेय, कारण जिल्ह्यांच्या हद्दी पुष्कळ बदलल्या. आत्याचं सासर कळलं तर सोन्याहून पिवळं, कारण खटला सासरच्या गावचा असण्याची शक्यता जास्त.

मग कागद. काळ्या पाण्याची शिक्षा सेशन्स कोर्टाची, फाशी असेल तर ती हायकोर्टाच्या शिक्कामोर्तबाशिवाय अमलात येत नसे. म्हणजे निकालाचा माग दोन ठिकाणी लागू शकतो. मुंबईला काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं पुराभिलेखागार आहे, तिथे मुंबई सरकारच्या न्यायखात्याची दफ्तरं आहेत. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात गृहखात्याची ‘पोर्ट ब्लेअर’ शाखा म्हणून स्वतंत्र दफ्तर आहे. त्यात सुटका, दया-अर्ज, लग्नं असे विषय येतात. त्यांच्या ‘अभिलेख पटल’ या संकेतस्थळावर घरबसल्या यादी चाळता येते, मुंबईच्या आधी तेच करा. प्रत्यक्ष जाल तेव्हा आधार कार्ड, अर्ज आणि शिसपेन्सिल न्या. शाईचं पेन आत नेऊ देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

आता सगळ्यात उपयोगाची गोष्ट. आडनावानं शोधू नका, सापडणार नाही. जुन्या सरकारी कागदांत आपल्याकडची बाई आडनावानं येत नाही. ती येते तिच्या नावानं आणि पुढे ‘कोम’ अमुक. कोम म्हणजे ‘ची बायको’. पुरुषाच्या नावापुढे ‘बिन’ असतं, म्हणजे ‘चा मुलगा’. मराठी कागदांत ‘भ्रतार’ किंवा ‘जवजे’ही दिसेल. इंग्रजी कारकुनानं ऐकू आलं तसं स्पेलिंग केलेलं असतं, तेव्हा गंगूची गुंगा आणि सगुणाची सुगना झालेली असू शकते. गावाचं नावही तसंच. ते मोठ्यांदा वाचून बघा, डोळ्याला कळत नाही ते कानाला कळतं.

तुमच्या गावाचं नाव असलेल्या पानावर ‘कोम’ दिसलं की थांबा. त्याच्या पुढचा शब्द नवऱ्याचा. मागचा तिचा. तो आधी वहीत उतरवून घ्या.